पाचव्या मजल्यावरचा ठिपका

(दुपार. आगीत दगावलेल्या अग्निशमन जवानाचं स्वयंपाकघर. त्याची बायको आणि त्याच्या केंद्राचे साहेब.)

वहिनी : हळू बोला, साहेब. सासूबाईंचा आत्ताच कुठे डोळा लागलाय. आणि ती खुर्ची नको, डुगडुगते. यांना कधीपासून सांगत होते ठोकायला.

साहेब : इथे बसतो. तुमचा भाऊ केंद्रावर येऊन गेला. बराच तापला होता.

वहिनी : तापणारच. यंत्र बिघडलं म्हणून माणूस गेला, म्हणतो. कंपनीला कोर्टात खेचायला निघालाय.

साहेब : त्यासाठीच आलो. यंत्र बिघडलं नव्हतं, वहिनी.

वहिनी : मग?

साहेब : आत जाताना प्रत्येकाच्या पट्ट्याला ट्रॅकर असतो. बाहेर गाडीपाशी माझ्या हातात पडदा. एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका. कोण कितव्या मजल्यावर, कुठल्या बाजूला, सगळं दिसतं. माणूस बराच वेळ हलला नाही की ठिपका लाल होतो.

वहिनी : ठाऊक आहे. ट्रॅकर नवे आले तेव्हा हे घरी येऊन सांगत होते, आता आडोशाला सिगरेट ओढायला गेलो तरी साहेबाला कळणार.

साहेब : शिडी असंच बोलायचा.

वहिनी : तुम्ही सगळे यांना शिडीच म्हणायचात. लग्नात तुमच्यातलाच कुणीतरी मला ‘शिडीवहिनी’ म्हणाला आणि मला वाटलं, माझ्या उंचीची चेष्टा चाललीये. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नव्हते. असो. पुढे सांगा.

साहेब : पाचव्या मजल्यावर त्याचा ठिपका थांबला. वॉकीटॉकीवर हाका मारल्या, पण त्या मजल्यावरून नुसती खरखर. ठिपका लाल झाला. मी दोघांना वर पाठवलं. धुरात त्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता. पडद्याकडे बघून मी खालून सांगत होतो, डावीकडे वळा, आता सरळ जा. अगदी ठिपक्यापाशी पोचले ते.

वहिनी : आणि?

साहेब : तिथे दुसराच माणूस होता. त्या मजल्यावरच्या ऑफिसातला कारकून. पळताना पडून पाय मोडलेला, शुद्ध हरपलेली. शिडीचा ट्रॅकर त्याच्या दंडाला बांधलेला.

वहिनी : यांनी बांधला?

साहेब : दुसरं कोण बांधणार? कारकून काल बोलायला लागला, तेव्हा सगळं कळलं. तो अंगाने चांगलाच जड आहे, शिडीला एकट्याला उचलवेना. आणि पुढे आत कुणीतरी दार ठोठावत होतं. शिडी त्याला म्हणाला, हे काढू नका, याच्या मागावर माझे लोक येतील. आणि पुढे गेला.

वहिनी : घरी दोन लेकरं आहेत, हे आठवलं नसेल?

साहेब : काय सांगू, वहिनी.

वहिनी : मला राग येतोय त्यांचा. जो येतो तो म्हणतो, नाव काढलं. कडी वाजली की धाकटी अजून दाराकडे पळते. तिच्यापुढे काय ठेवू, नाव?

साहेब : रागवा. मीही रागावलोय त्याच्यावर.

वहिनी : ट्रॅकर यांच्याच अंगावर असता तर?

साहेब : सापडला असता.

वहिनी : नक्की?

साहेब : माझी माणसं त्याच्या जवळूनच परत फिरली. कारकुनाला घेऊन ती खाली आली. पुन्हा पाठवायचं तर कुठे पाठवू? पडद्यावर बघावं तर शिडी माझ्या पायाशी, स्ट्रेचरवर. तेवढ्यात वरचं छत खाली यायला लागलं. सगळ्यांना बाहेर बोलावलं. हुकूम माझाच होता. आग विझल्यावर सापडला तो. त्या बंद दारासमोर.

वहिनी : आणि दार ठोठावणारा? तो तरी वाचला?

साहेब : जरा पाणी देता?

वहिनी : देते. कोण होतं आत?

साहेब : कुणी नव्हतं. सामानाची खोली होती. खिडकीची लोखंडी झडप वाऱ्याने आपटत होती. आम्ही दार तोडलं तेव्हाही आपटतच होती.

वहिनी : झडप.

साहेब : हो. तुमच्या भावाला हे बोललो नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं.

वहिनी : बरं केलंत. त्या कारकुनाचं कसं आहे?

साहेब : पाय वाचेल. तुम्हाला भेटायचं म्हणतो. म्हटलं, विचारून सांगतो.

वहिनी : आत्ता नको. आत्ता समोर आला तर काहीतरी तोडून बोलेन, आणि त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? चालायला लागला की येऊ दे.

साहेब : सांगतो तसं.

वहिनी : उठल्या वाटतं सासूबाई. खोकल्या. तुमचा आवाज कानावर गेला असेल तर आता विचारतील. रोज एकच विचारतात, पोरगा कुणासाठी आत गेला.

साहेब : काय सांगू? कुणीतरी होतं म्हणू?

वहिनी : खोटं नको. त्यांना लगेच कळतं. कुणीतरी बोलावतंय असं त्याला वाटलं, एवढं सांगा. एवढं तर खरं आहे ना?

साहेब : आहे. एवढं खरं आहे.

वहिनी : मग या आत. त्यांच्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानाने ऐकू येत नाही.