सुजलेल्या डोळ्याची सून

सुमनबाई : खरं सांग. पंजाबला येत न्हाई म्हणून कळवलंस का न्हाई?

रेणुका : कुणी सांगितलं तुम्हाला?

सुमनबाई : तुझी शिल्पा सांगून गेली. देशात पहिली आलेली पोर, गळ्यात सोन्याचं पदक, अन् माझ्या पलंगापाशी बसून रडायली. म्हणे, "देशाच्या संघाला शिकवायला बोलावलं, अन् मॅडम नको म्हणल्या."

रेणुका : मग काय करू, आत्याबाई? तुमच्या खुब्याचं आत्ता ऑपरेशन झालंय. हे दिवसभर एसटीवर. तुम्हाला उठवणार कोण, बसवणार कोण? औशात शिकवते की पोरींना बॉक्सिंग. पाय सरळ करा, तेल लावते.

सुमनबाई : तेल ऱ्हाऊ दे. लग्न होऊन आलीस तवाचं ध्यानात हाय का? लातूरला खेळून आलीस, डोळा वांग्यावानी सुजलेला. समद्या गल्लीत बोभाटा, आनंद्या बायकोला मारतो!

रेणुका : आणि तुम्हालाही ते खरं वाटलं.

सुमनबाई : केरसुणीनं झोडपलं की त्याला! त्यो वरडतोय, "माय, म्या न्हाई, सोलापूरच्या पोरीनं मारलं!" पोरी ठोसे मारत्यात हे कुणाला ठावं व्हतं तवा?

रेणुका : जिल्ह्यात मी एकटीच होते. सरावाला पोरगी मिळायची नाही, पोरांशी खेळायचे.

सुमनबाई : मग म्याच आले बघाया. तू पडलीस. अन् उठून त्या पोरीला असं हाणलंस, मी खुर्चीवर उभी ऱ्हायले!

रेणुका : पंचांनी तुम्हाला खाली बसवलं. आणि खांदा निखळून माझा खेळ सुटला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, खेळता येईना तर शिकव.

सुमनबाई : अन् आता माझ्याच पायी घरी बसतीस? लोक म्हणतील, सासूनं अडवली. जल्मभर न्हाई अडवली, आता म्हातारपणी हे नाव घेऊ व्हय?

रेणुका : असं बोलू नका.

सुमनबाई : सिंधु यायलीय लोह्याहून. माझी लेक हाय, बघंल मला. फोन केला म्या.

रेणुका : मला न विचारता?

सुमनबाई : तू इचारलंस का मला, न्हाई म्हणताना?

रेणुका : पंजाबच्या सरांना नाही म्हणून बसले मी.

सुमनबाई : लाव फोन.

रेणुका : हॅलो, सर? मी रेणुका, औशाहून. येते मी. हो, घरच्यांनीच... सासूबाईंनीच सांगितलं...

सुमनबाई : दम खा जरा. रडं ऐकू जाईल त्यास्नी.