बॉनेटवरचं बाळ

अरे, जुन्या गाडीचं वर्ष काढणं सोपं नसतं. आमच्या मुलुंडच्या दिन्याकडे आजोबांची दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. कागद हरवलेले, चॅसिसवरचा नंबर गंजलेला. मॉडेल कुठल्या वर्षाचं, कोणालाच ठाऊक नाही. मग एक फोटो सापडला. हार घातलेली कोरी गाडी, बॉनेटवर झबल्यातलं बाळ. आत्याच्या पहिल्या वाढदिवसाला गाडी घरी आली, एवढं घरात सगळे सांगायचे.

झालं, गेलो बोरिवलीला आत्याकडे. दिन्याने फोटो पुढे केला. "आत्या, तुझं जन्मवर्ष कुठलं गं?"

आत्याने चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला. "ही मी नाहीच. ही माझी मोठी बहीण."

"आत्या, तुला बहीण कुठेय?"

"नसेल. पण मी त्या गाडीएवढी जुनी नाही."