लाल बंदूक माझ्या हातात होती

मी, कुवाबारा तोमिए, वय ५८ वर्षे, काम घर सांभाळणे व सकाळच्या वेळी लोणच्याच्या दुकानात विक्री, राहणार आमागासाकी, व्यापारी गल्लीच्या मागची इमारत, तिसरा मजला, आज दिनांक ११ मार्च १९९७ रोजी पोलीस ठाण्यात हजर होऊन हवालदार इमोतो यांच्या विचारण्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी पती शिगेकाझु यांच्यासह राहते. पती याच ठाण्यात उभी हयात नोकरी करून मागच्या वसंतात निवृत्त झाले. हवालदार इमोतो हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि माझ्या हातचे जेवून वाढले. तरी त्यांनी मला माझे नाव, वय व पत्ता विचारला. मी सांगितला.

निवृत्तीनंतर पती घरीच असत. मी स्वयंपाकघरात गेले की स्वयंपाकघरात, मी कपडे वाळत घालायला गेले की गॅलरीत. केर काढताना झाडूला ओले पान चिकटते, तसे ते मला चिकटले होते. शेवटी मी त्यांना टोफू आणायला बाहेर धाडले. जेवणाची वेळ टळून गेली तरी परत आले नाहीत, म्हणून मी शोधायला निघाले. व्यापारी गल्लीत मासेवाल्याच्या वर ओगुराबाईंचे खेळघर आहे. तिथे पती एका यंत्रासमोर बंदूक धरून उभे होते. टोफू यंत्रावर ठेवलेला होता.

सदर यंत्र पोलिसांचा खेळ आहे. पडद्यावर दरोडेखोर येतात आणि आपण पोलीस होऊन त्यांना गोळ्या घालायच्या. यंत्राला वायरने बांधलेल्या दोन प्लास्टिकच्या बंदुका आहेत, एक निळी, एक लाल. गोळ्या संपल्या की पडद्याबाहेर नेम धरून चाप ओढायचा, बंदूक पुन्हा भरते. पती म्हणाले, "अगं, पोरं चुकीचं उभी राहत होती. पाय कसे ठेवायचे तेवढं दाखवायला आलो." ते रोज दाखवायला जाऊ लागले. पुढे मीही लाल बंदूक घेऊन शेजारी उभी राहू लागले. एका खेळाला शंभर येन पडतात. घरात शांतता हवी असेल तर स्वस्त आहे.

पतींच्या खेळण्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, त्यांना हा खेळ येत नाही. पडद्यावर दरोडेखोर आला की ते आधी खणखणीत आवाजात सांगतात, "थांब! पोलीस! हातातलं खाली टाक आणि भिंतीकडे तोंड कर!" मग नियमाप्रमाणे पहिली गोळी हवेत झाडतात. यंत्राला वाटते बंदूक भरली. तोवर दरोडेखोर यांना गोळी घालून मोकळा. त्यामुळे पतींची बंदूक कायम भरलेली आणि पती कायम मेलेले. मी त्यांना म्हटले, "अहो, त्या चित्राला कान आहेत का?" ते म्हणाले, "इशारा दिल्याशिवाय गोळी झाडली तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" मी दिसेल त्याला मारते. पडद्यावरच्या बँकेतली ओलीस बाई माझ्याकडून दोनदा गेली, पण ती मध्येच उभी राहिली, त्याला मी काय करणार. हे वाक्य गाळावे असे हवालदार इमोतो यांनी सुचवले. मी गाळू दिलेले नाही.

दिनांक ९ रोजी, रविवारी दुपारी, आम्ही दोघे खेळत होतो. खेळघरात ओगुराबाई सोडून दुसरे कोणी नव्हते आणि त्या गल्ल्यामागे डुलक्या घेत होत्या. आमच्या मागे सुटी नाणी देणारे यंत्र आहे. पतींनी नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाहून इशारा दिला आणि नेहमीप्रमाणे मेले. मी दुसरे नाणे यंत्रात टाकून वळले, तर मागे एक तिशीचा इसम भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभा. पायाशी मोठा स्क्रू ड्रायव्हर पडलेला. नाणी देणाऱ्या यंत्राचे दार अर्धे उचकटलेले.

मी विचारले, "काय हो, असे का उभे राहिलात?"

तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं ना आत्ताच."

इथे पतींनी गप्प बसायला हवे होते. पण ते पती आहेत. त्यांनी बंदूक जागेवर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा, गैरसमज झाला. ते मी पडद्याला म्हणालो. मी आता पोलीस नाही. निवृत्त झालो."

सदर इसमाने हळूहळू मान वळवली. त्याने पतींच्या अंगातला लोकरी बनियन पाहिला, वायर पाहिली, प्लास्टिक पाहिले. "आयला, म्हातारबा!" असे म्हणून त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि जिन्याकडे जाण्यासाठी पतींच्या अंगावर आला. पती वाटेतून हटले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि सांगू लागले, "हे पाहा, अजूनही तुम्ही आपणहून ठाण्यात..." स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्यांच्या पोटापासून वीतभर होते.

मी घाबरले. हे लिहा असे मी सांगितले व ते लिहिले आहे.

मी लाल बंदूक वायर पुरेल तितकी ताणून त्या इसमावर रोखली आणि ओरडले, "हलायचं नाही! मी पोलीस आहे! ते निवृत्त झाले असतील, मी नाही झाले!" आणि चाप ओढला. यंत्रात माझे नाणे पडलेले होते, त्यामुळे गोळीचा आवाज झाला. सदर इसम मटकन खाली बसला आणि "लागली, लागली" म्हणून रडू लागला. ओगुराबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी ठाण्यात फोन केला. पोलीस येईपर्यंत पतींनी त्याला पाणी दिले. घरी जाताना वाटेत पती एवढेच म्हणाले, "तू आधी हवेत झाडली नाहीस."

सदर इसमाने आपल्या जबाबात "साध्या वेशातल्या एका आजीने मी पोलीस आहे असे सांगून बंदूक रोखली" असे म्हटल्याने, पोलीस नसताना पोलीस असल्याचे सांगितल्याची चौकशी लागली, असे मला आज कळले. 'आजी' या शब्दाला माझी हरकत आहे.

यानंतर हवालदार इमोतो यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त एवढंच सांगा की तुम्ही काही बोलला नाहीत. साहेब पलीकडच्या खोलीत बसलेत. त्यांनी सांगितलंय, दोन्ही वेळा ते स्वतःच ओरडले. तुम्ही घाबरून कोपऱ्यात गप्प उभ्या होतात म्हणे."

मी म्हटले, "मी? गप्प?"

ते म्हणाले, "मलाही जड गेलं, वहिनी. पण साहेबांनी आजवर खोटं सांगितलेलं मी कधी पाहिलं नाही."

मीही पाहिले नव्हते. मी एकदा बिनदिव्याची सायकल चालवली म्हणून पतींनी मलाच समज देऊन माझे नाव वहीत टिपले होते. नात्यातल्या कोणाला कधी एक सवलत दिली नाही. लग्नाला इतकी वर्षे झाली, माझ्यासाठी त्यांनी फूल आणल्याचे मला आठवत नाही.

यामुळे काय होईल ते मी सांगते, कारण ते सांगणार नाहीत. येत्या एप्रिलपासून पतींना स्टेशनसमोरच्या चौकीत सल्लागार म्हणून बसायचे आहे. वाट चुकलेल्यांना वाट दाखवायची, हरवलेल्या छत्र्यांची नोंद घ्यायची. दंडाला पट्टी मिळते. आठवडाभर ते घरात सराव करत आहेत. न्हाणीघराकडे कसे जायचे हे त्यांनी मला तीन वेळा समजावून सांगितले, खुणांसकट. वर्षभरात ते पहिल्यांदा सकाळी आपणहून दाढी करू लागले आहेत. तोतया पोलीस म्हणून नाव लागले तर ती पट्टी मिळणार नाही. हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत आहे, आणि माहीत असून त्यांनी तसे सांगितले.

तरी मी स्पष्ट सांगते की, "मी पोलीस आहे" हे मी म्हटले. लाल बंदूक माझ्या हातात होती. पतींनी दिलेला इशारा पडद्यासाठी होता आणि खरा माणूस समोर दिसताच त्यांनी आपण पोलीस नाही असे तात्काळ सांगितले, त्याला सदर इसमही साक्षीदार आहे. जो दंड होईल तो मी भरीन. कोठडी होणार असेल तर लोणच्याच्या दुकानात आधी कळवावे, उद्या मुळा खारवायचा आहे.

पतींच्या जबाबावर अजून शिक्का उमटलेला नाही असे समजले. तो उमटणार नाही, कारण सहीच्या जागी उमटवायचे घरातले सगळे नावाचे शिक्के माझ्या पर्समध्ये असतात. त्याऐवजी अंगठा चालतो असे हवालदार इमोतो म्हणाले. मी म्हटले, पलीकडे जाऊन तुमच्या साहेबांकडे अंगठा मागून तर पाहा. ते गेले नाहीत.

पुन्हा तशीच वेळ आली तर काय करीन, असे विचारल्यावरून सांगते की, हेच करीन. आणि हवेत झाडणार नाही.

हा जबाब हवालदार इमोतो यांनी मला वाचून दाखवला. त्यांनी तो हळू आवाजात वाचायला घेतला, तेव्हा मधली भिंत पातळ आहे तरी मोठ्याने वाचा, असे मी सांगितले. दाढीचे व फुलाचे वाक्य मी पुन्हा वाचायला लावले. त्यावेळी पलीकडच्या खोलीतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग पतींचा, खणखणीत: "इमोतो, माझा तो कागद फाडून टाक. आणि तिला सांग, फूल आणलं होतं. मुलाच्या जन्माच्या वेळी. तिला झोप लागली होती, म्हणून नर्सबाईंना देऊन ड्यूटीवर गेलो."

त्यावर मला काही सांगायचे आहे का, असे विचारले. सध्या बोलता येत नाही, असे मी हातानेच दाखवले. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली माझा शिक्का उमटवला आहे. तो थोडा हलला आहे.

कुवाबारा तोमिए