पद्मजावहिनींचा पारा

...नाही, पण भर साखरपुड्यात माणसाच्या तोंडाचा वास घ्यायचा म्हणजे काय? तेही मुलीच्या आईच्या? आणि घेतला कोणी, तर सख्ख्या नणंदेने! आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या पद्मजावहिनी, ज्यांनी कधी खोकल्याच्या औषधाचा दुसरा चमचा घेतला नाही, त्या बदलापूरच्या हॉलमध्ये जरा लटपटल्या काय, बोलताना जीभ जड झाली काय, ही सुषमा लगेच वाकून नाक पुढे... थांबा, तुम्हाला आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हीही संशय घ्याल.

वहिनींना एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतून हातापायांकडे निरोप जातात ना, त्या वाटेवरच्या नसांचं आवरण जागोजागी खराब होतं आणि निरोप अडकतात. अंग तापलं की जास्तच अडकतात. पाय जड, डोळ्यांपुढे धुकं, जीभ बोबडी. अंग गार झालं की बाई परत पहिल्यासारखी. म्हणजे कोणाला खरं वाटायची सोयच नाही! तरी वहिनींनी सगळं बसवलं होतं. दुपारच्या उन्हात फिरायचं नाही, कढत पाण्याने आंघोळ नाही, पर्समध्ये कायम ओला नॅपकिन. आणि मग आली पन्नाशी, पाळी जायची वेळ झाली, आणि इतके दिवस बाहेर लागणारं ऊन आता आतूनच लागायला लागलं. बसल्या जागी छातीतून वाफ उठणार, मानेवरून डोक्यात जाणार, ब्लाउज घामाने चिकटणार, आणि मागोमाग डावा पाय रुसणार.

आता ही गरमी कोणाची? एमएसची की पाळीची? बायकांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे नसांचं वाटतंय, तिकडे दाखवा. नसांचे डॉक्टर म्हणाले, हे वयाचं वाटतंय, तिकडे दाखवा. वहिनींना वाटलं, हे दोघं संध्याकाळी एकत्र चहा पीत असणार आणि आपल्यावर हसत असणार. मी म्हटलं, अहो, असं कसं असेल? पण वहिनींचा संशय काही जाईना.

बरं, संशय एका जागी थांबतो का? उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात त्या चेकिंगला बसतात, उलटसुलट शिलाई बघायची, सुटे धागे कापायचे. शेजारी प्रेसवाले, त्यांच्या इस्त्र्यांची धग. तिथे डोक्यावरचा पंखा मुद्दाम कोणीतरी कमी करतं, अशी त्यांची खात्री. कोण? तर राजेश मास्तर. त्याला बिचाऱ्याला कपडा कापताना मान वर करायला फुरसत नाही, तो पंखा कधी कमी करणार? एकदा तर शेअर रिक्षात ड्रायव्हरला विचारलं, ‘भाईसाब, आपने हीटर चालू किया क्या?’ तो म्हणाला, ‘आंटी, रिक्षा में दरवाजा नहीं है, हीटर कहां से आएगा?’ वहिनी उतरल्या, पण उतरताना सीटखाली बघून उतरल्या.

आणि घरी वहिनींचे यजमान, विनीतभाऊ! त्या माणसाने मे महिन्यात स्वेटर घालून टीव्ही बघितलाय, कपाळाला आठी न घालता. तरी वहिनींचं म्हणणं, मी एसी सोळावर ठेवते, तो चोवीसवर जातो कसा? शेवटी काय केलं असेल? एसी सोळावर लावला, रिमोटला टाल्कम पावडर चोपडली आणि स्वतःचे हात धुवून टाकले. ज्याच्या बोटांना पावडर, तो चोर. संध्याकाळी हात तपासले तर भाऊंचे स्वच्छ, किर्तीचे म्हणजे मुलीचे स्वच्छ, आणि पावडर वहिनींच्याच बोटांना! कारण ती वाफ ओसरली की घाम गार पडतो, मग हुडहुडी भरते, आणि ह्याच उठून एसीचा आकडा वाढवतात. वहिनी बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, कोणीतरी आपले हात माझ्या हातांना पुसले असणार. म्हणजे बघा! संशय काही जाईना.

आता अशात किर्तीचं जमलं. मुलगा सुयोग, चांगला, बदलापूरच्या बाहेर त्यांची भातशेती. त्याची आई गोदूताई, मोजकं बोलणारी, बघायला लागली की नजर काढत नाही. वहिनी म्हणत होत्या, आजाराचं त्यांना आधी सांगू. विनीतभाऊ म्हणाले, साखरपुडा होऊ दे. आणि नणंद सुषमा म्हणाली, ‘न दिसणारा आजार कशाला दाखवायचा? मला तर तो आहे की नाही याचीच शंका आहे.’ झालं. वहिनींनी सांगणं पुढे ढकललं. गोदूताईंनी पाणी मागितलं तरी यांना वाटायचं, काहीतरी कळलंय.

साखरपुडा मे महिन्यातला. एसी हॉल म्हणून घेतला आणि दुपारी लाइट गेली. जनरेटरवर काय चाललं? दिवे आणि लाउडस्पीकर! माणसं उकडतायत आणि सनई जोरात. वहिनींच्या अंगावर भरजरी शालू. आधी बाहेरची गरमी, तिच्यावर आतली वाफ. विहिणीची ओटी भरायला उठल्या आणि डावा पाय आलाच नाही. खुर्चीत कोसळल्या. ‘पाणी’ म्हणायला गेल्या, तोंडातून भलतंच काहीतरी आलं. आणि तेवढ्यात सुषमाचं नाक! वास नव्हताच, पण वास घेताना चार बायकांनी बघितलं, आणि मागच्या ओळीपर्यंत बातमी गेली की मुलीची आई घेते.

किर्ती तशीच उठली, हार गळ्यात, आणि आईला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे केटररने बर्फाच्या मोठ्या टबात कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवलेल्या. पोरीने बाटल्या बाजूला सारल्या, आईचा शालू गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाय टबात. मानेवर ओला नॅपकिन. मग वहिनींनीच तिला परत पाठवलं, नवरी पळाली असं नको व्हायला.

हळूहळू जीभ सुटली, समोरचं दिसायला लागलं, आणि दिसलं काय, तर दारात गोदूताई.

वहिनींना वाटलं, आता ही लग्न मोडणार. लपवायचं तरी किती? त्यांनी सगळं सांगून टाकलं, आजाराचं नाव, पाळीचं, सगळं.

गोदूताईंनी एवढंच विचारलं, ‘पोरीला व्हतं का त्ये?’

वहिनी म्हणाल्या, ‘डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही होत. धोका इतरांपेक्षा थोडा जास्त. मी खोटं सांगणार नाही, ताई. शंभर टक्के नाही असं मला म्हणता येत नाही.’

बाहेर सनई चालूच. गोदूताईंची नजर टबातल्या पायांवर. वहिनी सांगतात, तेवढ्या वेळात पाय बर्फात असूनही त्यांना परत घाम फुटला. मग गोदूताईंनी स्टूल ओढलं, चपला काढल्या, साडी वर खोचली आणि आपलेही पाय टबात घातले.

‘माझ्या पन अंगात आग उठते,’ त्या म्हणाल्या. ‘घरात सांगितला तर म्हंतात, बाईला काय तरी लागलाय. उतरवायला भगत आनला व्हता.’ आणि पाय बर्फात आणखी खाली घालत, ‘पन तुमी पयला सांगायला पायजे व्हता. त्याचा मना राग हाय.’

‘असू दे राग,’ वहिनी म्हणाल्या. ‘माझंच चुकलं.’

‘लग्न थंडीत करू,’ गोदूताई म्हणाल्या.

दोघी तशाच बसल्या, आणि बाहेर पाहुणे कोमट कोल्ड्रिंक पीत केटररला शिव्या घालत होते. साखरपुडा पार पडला. पुढे त्याच डॉक्टरीणबाईंनी नसांच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला, दोघांनी मिळून औषध ठरवलं, वाफा कमी झाल्या. गेल्या नाहीत, कमी झाल्या.

आणि डिसेंबरात लग्न! गार वारा, सकाळचा मुहूर्त. वहिनी मांडवात दोन पायांवर ताठ उभ्या. पाहुण्यांचं स्वागत केलं, पंगतीत आग्रह केला, विहिणीबरोबर हसून फोटो काढले, एकदाही बसल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच म्हणालं, ‘बघितलंत? ठणठणीत आहे बाई. मेमध्ये नाटकच होतं सगळं.’

वहिनींनी ऐकलं. पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, ‘जाऊ दे. यांना पटावं म्हणून मी आता काय बारशाला पडून दाखवू?’