दादा, आस्ते आस्ते

अहो, पुण्यात नातीचं बारसं अकरा वाजता, मी इथे बंगालात बसून ते व्हिडिओवर बघणार, आणि आमच्या बिल्डिंगचं इंटरनेट सकाळपासून बंद. मोबाइलला घरात रेंज नाही. वरच्या मजल्यावरचा समीर इथल्याच न्यू टाउन भागात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याला मी जिन्याखालच्या इंटरनेटच्या पेटीपाशी नेऊन बसवलं. त्याने लॅपटॉपची निळी केबल पेटीतल्या मशीनला जोडली. मीही बघायला वाकले.

"काकू, उजेड अडवताय."

"बघतेय रे. हे काय उमटलंय?"

स्क्रीनवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"केबल बदलली तरी हेच. मशीन काय बोलतंय तेच कळत नाही," तो वैतागला.

"आपला भाजीवाला बंगालीत भरभर बोलतो ना, तेव्हा मलाही असंच ऐकू येतं. मी म्हणते, दादा, आस्ते आस्ते, म्हणजे जरा हळू."

समीरने झटकन लॅपटॉप पुढे ओढला. मग त्याने लॅपटॉपवरचा वेगाचा आकडा कमी केला, आणि स्वच्छ अक्षरं आली.

"काकू, ते सावकाशच बोलत होतं. ऐकायची घाई माझीच होती."

ती वाचून त्याने बिघाड काढला, आणि दहा मिनिटांत इंटरनेट सुरू. नातीला पाळण्यात घालताना मी मोबाइलवर डोळे भरून पाहिलं.

मशीनचं समीर म्हणतो तसं असेल. भाजीवाल्याच्या बाबतीत मात्र घाई त्याचीच आहे.