झिजलेल्या कोपऱ्यांची कार्डं

ताई: ते राहू दे. आधी हे अस्तर उजेडात धर आणि मला सांग, हा लाल डाग कशाचा.

धाकटा: अस्तरातलं मला काय कळतंय? शिवणकाम तुझं, छापखाना माझा.

ताई: छपाईचाच डाग आहे, म्हणून तर तुझ्याकडे घेऊन आले. काल दुपारी आपला फुटबॉलवाल्यांच्या कार्डांचा अल्बम काढून बसले होते. कोपर लागून पाण्याचा पेला कलंडला. कार्डं भिजली. हाताशी कोटाचं अस्तर होतं, त्यानेच टिपली. तर टकल्याची जर्सी अस्तरावर उतरली.

धाकटा: कोण टकल्या?

ताई: आता टकल्या कोण तेही मी सांगायचं? आपला टकल्या गोलकीपर. च्युइंगमच्या पुडीतून निघालेलं आपलं पहिलं कार्ड. उशीखाली घेऊन झोपायचास तू.

धाकटा: हां, तो. अगं, जुनी शाई ती. पाणी लागलं की उतरणारच.

ताई: त्याच पानावर मिशीवाला होता, मोज्यांत नडगीचं चिलखत घालणारा तो बुटका होता. तेही तेवढेच भिजले. वाळले आणि जसेच्या तसे. त्यांची शाई काय नवी होती?

धाकटा: प्रत्येक कार्डाची छपाई सारखी नसते, ताई.

ताई: एकाच वर्षाची, एकाच कंपनीची कार्डं?

धाकटा: चहा टाकायला सांगतो. थांब.

ताई: चहा नको. बस खाली. मग मी बोट ओलं करून एकेका कार्डाचा कोपरा पुसून पाहिला. अख्खा अल्बम. नऊ कार्डांचा रंग बोटाला लागला. नऊच्या नऊ आपली त्यातल्या त्यात मोलाची कार्डं.

धाकटा: म्हणजे कुणीतरी आपल्याला टोपी घातली. तो जुन्या बाजारातला घड्याळवाला, घड्याळांसोबत कार्डं विकणारा, मला कधीच सरळ वाटला नाही. चांगल्यात नकली मिसळून देतात हे लोक.

ताई: टकल्या आपण घड्याळवाल्याकडून घेतला नव्हता.

धाकटा: नाही, पण बाकीची...

ताई: टकल्याच्या पाठीवर माझं अक्षर आहे. पेन्सिलीने. सात वर्षांची असेन. ‘हे माझं आहे. हात लाऊ नये.’ लाऊ. ‘वू’ लिहायचं माहीतच नव्हतं. नकली कार्डावरही तेच आहे. तसंच चुकलेलं, तसंच उजवीकडे चढत गेलेलं. घड्याळवाल्याने माझं सात वर्षांचं अक्षर कुठे पाहिलं?

धाकटा: ताई...

ताई: कुणी गिरवलं ते?

धाकटा: मी.

ताई: हं.

धाकटा: मी सांगणारच होतो.

ताई: कधी केलंस?

धाकटा: तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा.

ताई: तेव्हा अल्बम तू घेऊन गेलास. ‘डोळे बरे होईपर्यंत माझ्याकडे राहू दे, उगाच ताण द्यायला जाशील.’ मी शेजारणीला सांगितलं, भाऊ असावा तर असा. आणि पट्टी काढल्यावर आपण पहिल्यांदा अल्बम उघडला, तेव्हा मी काय म्हटलं, आठवतं?

धाकटा: नको ना आता.

ताई: मी म्हटलं, ‘अरे, रंग किती ताजे दिसतात.’ आणि तू म्हणालास, ‘ऑपरेशनचा गुण.’

धाकटा: दुसरं काय बोलणार होतो?

ताई: मी त्या डॉक्टरांचे आभार मानून आले रे. पुन्हा जाऊन.

धाकटा: मला वाटलं होतं, एखाद-दुसरं करून थांबेन. पण ते कागद जमवणं, कडा घासणं, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळेपणा आणणं... मिशीवाल्याच्या जोडीदाराला मधोमध घडी होती ना, तीसुद्धा मी तशीच पाडली. चार वेळा बिघडली.

ताई: कौतुक करू?

धाकटा: नाही. एवढंच सांगतोय की उरकून टाकल्यासारखं केलं नाही.

ताई: तेच तर लागलं मला. वाटेल तसं खरडून ठेवलं असतंस तर म्हटलं असतं, मोह झाला, घाई केली. तू बसून, जीव ओतून माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस. आणि नंतर दर रविवारी माझ्याच शेजारी बसून त्यांच्यावर बोट ठेवत होतास. ‘बघ ताई, याचे कोपरे कसे मऊ झालेत.’ तूच म्हणत होतास. तूच घासलेले कोपरे.

धाकटा: मला रविवार बंद करायचा नव्हता.

ताई: खरी कार्डं कुठायत?

धाकटा: घड्याळवाल्याकडे दिली.

ताई: विकलीस?

धाकटा: विकली नाहीत. पैशाला हात लावला नाही मी. अदलाबदल केली. नऊ दिली आणि एक घेतलं.

ताई: एक?

धाकटा: तू बघितलंस तर तुलाही...

(भावजय हात पुसत आतून येते.)

भावजय: ताई, कधी आलात? मला हाक नाही मारायची? बसा, पाठीला उशी घ्या. अहो, तुम्ही ताईंना ते कार्ड दाखवलंत का, कुठे लावलंय ते? ताई, मीच म्हटलं यांना, एवढी मोलाची वस्तू खणात काय ठेवता. कपाटाच्या वरच्या काचेत उभं केलंय. ऊन लागत नाही तिथे.

धाकटा: अगं, तू आत जा जरा.

भावजय: जाते. पण आभार तरी मानू द्या. ताई, खरं सांगू, मला या कार्डांतलं ओ की ठो कळत नाही. पण तुम्ही यांच्या वाढदिवसाला ते दिलंत आणि त्या दिवशी हे ज्या चेहऱ्याने घरी आले, तसा चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. स्वतःचे डोळे दुखत असताना भावासाठी एवढं करायचं म्हणजे...

ताई: मी दिलं?

भावजय: तुम्हीच ना?

ताई: याने सांगितलं?

भावजय: हो. अहो, काय झालं? तुम्ही खाली काय बघताय?

ताई: काही नाही गं. आण ते इकडे. मला जवळून बघायचंय.

भावजय: हे घ्या. जपून हं. म्हणजे, तुम्हाला काय सांगायचं म्हणा.

ताई: प्लास्टिकच्या पेटीत बंद केलंय.

धाकटा: तपासून घेतात आणि आकडा देऊन बंद करतात. दहापैकी नऊ मिळालेत याला. बघ, चारही कोपरे सुईसारखे. एक रेघ नाही, डाग नाही. पुडीतून निघालं आणि थेट कुणीतरी वहीत दाबून ठेवलं असणार. एवढ्या वर्षांत याला कुणी खेळायला घेतलेलं नाही.

ताई: आपली कशी होती? आकडा लावला असता तर?

धाकटा: चार. फार तर पाच.

ताई: आपल्याला परवडायची तीच. आणि तूच मला शिकवलंस की तीच घ्यायची. नऊवाल्यांच्या टपरीवर लोक श्वास रोखून उभे असायचे आणि आपण दोघं मागच्या बाजूला खोकी उपसत बसायचो, पाय मोडेपर्यंत. कुणाचा कोपरा कुरतडलेला, कुणावर शाईने मिशा काढलेल्या. मिशा असल्या तर भाव पाडून मागायचे आणि बाहेर येऊन हसत सुटायचं. तू म्हणायचास, ताई, ज्या कार्डाला कोपरे आहेत त्याच्यावर कुणाचं प्रेमच नव्हतं.

भावजय: मला कुणी सांगेल का, काय चाललंय?

ताई: तूच सांग तिला. तुझं घर आहे.

धाकटा: ते कार्ड ताईने दिलेलं नाही. आमच्या अल्बममधली नऊ देऊन मी ते घेतलं. त्या जागी नकली करून लावली. तिला न सांगता.

भावजय: छापखान्यात उशीर होतोय म्हणत होतात, ते हे?

धाकटा: हो.

भावजय: आणि मी ताईंना फोन करून विचारलं असतं तर?

धाकटा: तू करणार नाहीस, माहीत होतं. दिलेल्या वस्तूचे आभार फोनवर मानू नयेत असं तूच म्हणतेस.

भावजय: म्हणजे माझंही माप घेऊन झालं होतं. मी आत जाते, ताई. मला इथे बसवत नाही.

ताई: जा.

धाकटा: ताई, माझं ऐकून तरी घे. लहानपणापासून मला जे आलं ते वापरलेलंच आलं. तुझे स्वेटर. मामाच्या मुलांचे बूट, पुढे कापूस कोंबून. सायकलसुद्धा कुणीतरी मोडून टाकलेली. मी कधी कुरकुर केली नाही. पण घड्याळवाल्याने हे समोर ठेवलं आणि मला वाटलं, आयुष्यात एक तरी वस्तू अशी असावी, जिला माझ्याआधी कुणाचा हात लागलेला नाही.

ताई: मग मला तसं म्हणायचंस.

धाकटा: दिली असतीस नऊ?

ताई: नसती दिली. कडाकडा भांडले असते. टकल्याला तर हातच लावू दिला नसता. आठवडाभर तोंड बघितलं नसतं तुझं. आणि मग कदाचित आठ दिली असती.

धाकटा: मी उद्या जातो त्याच्याकडे. हे परत देतो, आपली परत आणतो.

ताई: मी सकाळीच जाऊन आले.

धाकटा: तू?

ताई: तुझ्यावर संशय घ्यायला मन धजेना, म्हणून आधी त्याच्यावर घेतला. भांडायला गेले होते. तो म्हणाला, ‘बाई, तुमच्या भावानेच आणून दिली, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.’ सुटी सुटी विकली त्याने. कोण कुठला, नावगाव कुणी विचारतं का? टकल्या पहिल्याच दिवशी गेला. घेणारा मागचं अक्षर बघून हसला म्हणे.

धाकटा: म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तरी मला विचारत बसलीस.

ताई: वाट बघत होते, तू पहिल्या प्रश्नाला सांगतोस का. तू मला शाईचं शास्त्र सांगितलंस. मग त्या गरिबावर ढकललंस.

धाकटा: हे तू ठेव. हे कार्ड. मला नको आता.

ताई: मला कशाला? मी त्याला ओळखतही नाही. आण, माझी ती अल्बमची पिशवी दे इकडे. ही घे तुझी नऊ. तू केलीस, तूच सांभाळ.

धाकटा: आणि बाकीची?

ताई: बाकीची खरी आहेत. दोघांनी मिळून जमवलेली. वाटणी करायला आलेय.

धाकटा: ताई, असं करू नकोस. अल्बम तुझ्याकडेच राहू दे. मी मागणार नाही. मी फक्त रविवारी येऊन बघत जाईन.

ताई: तू घरी ये, जेवायला ये, मी दार लावणार नाही. पण तुझ्या शेजारी बसून पान उलटायचं आता मला जमणार नाही. प्रत्येक कार्डाला मी ओलं बोट लावून बघेन. तुझ्या देखत बघेन. ते तुलाही सोसायचं नाही. टेबल मोकळं कर.

धाकटा: कशी करायची वाटणी?

ताई: सगळी पसरायची. एक तू उचलायचं, एक मी.

धाकटा: तू आधी घे. तू मोठी.

ताई: नाही, तूच घे. मला बघू दे तुझा हात कुठे जातो ते.

धाकटा: हे.

ताई: हे? कोपरा फाटलेलं? आणि मागे डिंकाचा डाग आहे त्याच्या.

धाकटा: माहीत आहे. पावसाळी बाजारात, खोक्याच्या तळाशी सापडलं होतं. तुझ्या बाहीला चिकटलं होतं. मला हेच हवंय.

ताई: गेल्या रविवारी हे उचलून असं बोलला असतास, तर मला भरून आलं असतं. घे. आता माझी पाळी.