पाडसाची शिट्टी

दिवेलागण झाली होती. कॅम्पिंगच्या प्रदर्शनात शिट्ट्यांच्या स्टॉलपुढे दीपमालाचा नंबर दुसरा होता. पहिल्या बाई मांजरी गावच्या.

"ही कसली ओ शिट्टी?"

"हरणाच्या पाडसाची, मावशी. ऐका."

"अगं बया! आमचं करडू असंच वरडतंय."

"म्हणूनच बिबट्या फसतो. फोटोवाले नेतात. काल एकाने नेली, आज मांजरीच्या उसात बसणार म्हणाला."

"मांजरीच्या? कुणाच्या उसात?"

"ते कशाला विचारू मी? का हो?"

"आमचे हे आत्ताच फोनवर म्हणाले, करडू सुटलंय, उसात वरडतंय, घिऊन येतो."

"अहो, मग फोन लावा ना परत!" दीपमाला मागून म्हणाली.

"लावलाय. नुसता वाजतोय."

"सायलेंटवर असेल."

"न्हाय ओ. लई मोठ्यानं वाजतो त्यांचा."